फुल लॉकला टायर घासतोय: रॅक स्टॉप, स्पेसर की रॅक हलवायचा?

चासिस चाकांवर उभी राहते, कॉलमवर स्टिअरिंग बसतं. पहिल्यांदाच ते पूर्ण डावीकडे, म्हणजे फुल लॉकपर्यंत, फिरवलं की पुढचा टायर खालच्या विशबोनच्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी भुजेच्या) नळीवर टेकतो, रबर घासल्याचा आवाज येतो. लोटस सेव्हनच्या घाटाची छोटी, उघडी स्पोर्ट्स गाडी घरी बांधणाऱ्या बहुतेकांनी हा आवाज ऐकलेला असतो. मी इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात अशी गाडी बांधली. त्या काळात यावरचे जवळजवळ सगळे उपाय करून पाहिले आणि काही काढूनही टाकले.

हा त्रास मुळात येतो कुठून? कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन 1957 साली आली. ती सुट्या भागांत घेतली की ब्रिटनमधला तेव्हाचा खरेदीवरचा कर, परचेस टॅक्स, लागत नसे. ती सवलत 1973 पर्यंत टिकली आणि घरी गाडी बांधण्याची सवय तिथे चांगलीच रुजली. पण आज आपण नळ्यांची चासिस नवी करतो आणि बाकीचे भाग भंगारातल्या गाड्यांचे घेतो. माझ्या गाडीत अपराइट (हब धरणारे उभे भाग) फोर्ड कॉर्टिनाचे, रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर आडवा सरकून चाकं वळवणारा दांडा) एस्कॉर्टचा आणि वरच्या विशबोनचा बॉल जॉइंट ट्रान्झिट व्हॅनचा. हे तिन्ही भाग वेगवेगळ्या गाड्यांसाठी घडवलेले. रॅकचा प्रवास त्याच्या मूळ गाडीत बरोबर होता, आपल्या अरुंद गाडीत तो जास्त होतो.

उपाय निवडण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची जोडी) काढा, अपराइटखाली जॅक लावा. चाक पूर्ण खाली, चालत्या उंचीवर आणि पूर्ण वर अशा तीन जागी थांबवून प्रत्येक जागी दोन्ही बाजूंना फुल लॉक करा. जिथे शंका आहे तिथे मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवा. टायर फिरून गेला की ती माती दाबली जाते. तिचा सर्वात पातळ भाग कॅलिपरने मोजला की खरी फट कळते. ब्रेकचा होजही याच वेळी पाहा. चाक खाली लोंबत असताना फुल लॉकला तो ताणला जात असेल, तर टायर घासण्यापेक्षा ते जास्त गंभीर आहे.

माझ्या गाडीत उजवीकडे 9 मिमी फट होती आणि डावीकडे टायर टेकत होता. आठवडाभर मी स्पेसरच्या (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकतीच्या) किमती पाहत होतो, पण दोष होता रॅकमध्ये: तो मध्यावर नव्हता. लॉक टू लॉक फेरे मोजून बरोबर निम्म्यावर रॅक थांबवला, टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचे दांडे) दोन्हीकडे सारखे केले, स्टिअरिंग व्हील कॉलमच्या दातेरी टोकावर (स्प्लाइनवर) सरळ बसवलं. अर्धा प्रश्न तिथेच सुटला. फट दोन्ही बाजूंना वेगळी असेल तर आधी हेच करा.

त्यानंतरही टायर घासत असेल तर खरी निवड रॅक स्टॉप आणि स्पेसर यांत आहे.

रॅक स्टॉप म्हणजे गेटरच्या (रॅकच्या टोकावरच्या रबरी आवरणाच्या) आत, रॅकच्या दांड्यावर, आतल्या बॉल जॉइंट आणि हाउसिंगच्या मध्ये बसणारी कॉलर. स्टिअरिंग आर्म (टाय रॉड जिथे जोडतो ती अपराइटवरची भुजा) 110 मिमीची धरली तर 5 मिमी जाडीची कॉलर चाकाचा साधारण अडीच ते तीन अंश लॉक कमी करते. किंमत मोजायची ती वळणात. 2.25 मीटर व्हीलबेसच्या गाडीत दोन्ही चाकांचा सरासरी कोन 32 अंशांवरून 29 वर आला तर वळणाच्या वर्तुळाचा व्यास सुमारे 8.5 मीटरवरून 9.3 मीटर होतो. एवढ्या छोट्या गाडीला हे सहज पचतं. बाकीच्या भूमितीला धक्का लागत नाही, म्हणून मी रॅक स्टॉपच्या बाजूने आहे. एकच काळजी घ्या: दोन तुकड्यांची कॉलर सैल होऊन तिरकी बसू शकते. आतला जॉइंट उघडता येत असेल तर अखंड कॉलरच घाला.

पुण्यात फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी करणाऱ्यांना तर स्टॉपशिवाय पर्यायच नसतो. स्टिअरिंगला पक्के स्टॉप हवेत आणि टायर सस्पेन्शनला, बॉडीला किंवा चासिसला लागता कामा नये, असं त्यांच्या नियमांतच आहे. घरच्या गाडीसाठीही मी तोच नियम पाळतो. स्टॉप नसेल तर टायर स्वतःच स्टॉप होतो.

स्पेसर दिसायला सोपा. 10 मिमीची चकती घातली, चाक बाहेर सरकलं, फट मिळाली. पण स्क्रब रेडियसही (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला भेटतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) जवळपास तेवढाच वाढला. मग एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं किंवा ब्रेक एका बाजूला जास्त लागला की स्टिअरिंग हातात ओढ घेतं. हबच्या बेअरिंगवर भार वाढतो, आणि टायर मडगार्डच्या बाहेर डोकावला तर सरकारी तपासणीत तोही दोष. शिवाय स्टडवर नटाला धरायला आटे कमी उरतात. एम12 स्टडवर नट किमान 12 मिमी, म्हणजे 1.5 पिचच्या आट्यांवर आठ पूर्ण फेरे बसायलाच हवा, नाहीतर स्टड लांब घालावे लागतात. चाक बाहेर काढायचंच असेल तर कमी ऑफसेटची, म्हणजे हबवर मुळातच जास्त बाहेर बसणारी, चाकं बरी. स्क्रब तितकाच वाढतो, पण मधला एक भाग वाचतो.

टायरच्या मापाकडेही पाहा. 185/60 आर13 चा व्यास साधारण 552 मिमी, 195/50 आर15 चा 576. दिसण्यासाठी पंधरा इंची चाकं घातली की त्रिज्येत 12 मिमी आणि रुंदीत दर बाजूला 5 मिमी जातात. घासणं चाकं बदलल्यावर सुरू झालं असेल तर जुनी चाकं परत लावून पाहा.

कडक स्प्रिंग घालून किंवा गाडी उंच करून फट मिळवणं मला मान्य नाही. मोठा खड्डा आला की टायर पुन्हा तिथेच टेकणार.

रॅक वर-खाली हलवायचा सल्लाही मिळतो. तो दुसऱ्याच दुखण्यावरचा आहे. रॅकची उंची बदलून टायरची फट फारशी बदलत नाही, त्याने बदलतो बंप स्टिअर, म्हणजे चाक वर-खाली होताना आपोआप वळणं. हबला सरळ पाटी बांधा, दोन डायल गेज लावा, जॅकने 10-10 मिमी उचलत टो (चाक आत किंवा बाहेर किती वळलंय ते) लिहून काढा. चाक वर गेल्यावर टो एका दिशेला आणि खाली गेल्यावर उलट दिशेला जात असेल तर उंची चुकली आहे, रॅकखाली 2 मिमीच्या पट्ट्या घालून किंवा काढून ते सुधारतं. वर आणि खाली दोन्हीकडे टो एकाच दिशेला जात असेल तर टाय रॉडची लांबी चुकली आहे, तिथे पट्ट्यांचा उपयोग नाही, वेगळ्या रुंदीचा रॅकच लागेल. 25 मिमी वर-खाली हालचालीत टो 1 मिमीच्या आत राहिला की मी पाना खाली ठेवतो.

आता कॉलमचा शाफ्ट एक्झॉस्टला लागत असेल तर. तिसरा युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात वळू देणारा सांधा) घालून शाफ्ट वळवणं स्वस्त पडतं, पण तिसऱ्या जॉइंटला मध्ये आधाराचं बेअरिंग द्यावंच लागतं, नाहीतर शाफ्ट झुलतो. शिवाय 30 अंशांवर एकटा जॉइंट गती 0.87 ते 1.15 पट अशी मागेपुढे करतो. हाताला स्टिअरिंग कुठे हलकं, कुठे जड लागतं. दोन जॉइंट सारख्या कोनात, योग्य फेजमध्ये (एकमेकांशी जुळत्या दिशेने) बसले तरच हा फरक एकमेकांत विरतो. म्हणून शक्य असेल तर दोनच जॉइंट ठेवून एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) एक नळी कापून नव्याने वेल्ड करून घ्या, खर्च जास्त आला तरी. आणि फट मोजताना इंजिन सुरू करून कोणालातरी अ‍ॅक्सिलरेटर झटकायला सांगा. रबर माउंटवर इंजिन कलतं तेव्हाही 15 मिमी उरले पाहिजेत.

ब्रिटनमध्ये 2009 पासून आयव्हीए तपासणीत (एकेका गाडीला रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी मंजुरीत) स्टिअरिंग सोडल्यावर मध्याकडे परततं का हेही पाहतात. रॅक स्टॉप बसवून झाले की मोकळ्या जागेत सावकाश फुल लॉक करून स्टिअरिंग सोडून बघा. परतत नसेल तर कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढवावा लागतो, म्हणजे वरचा बॉल जॉइंट मागे सरकतो आणि टायरची जागाही थोडी बदलते. मग मातीचे गोळे पुन्हा चिकटवून सगळं मोजमाप नव्याने करा.