सल्ला खरा, टायर उलटे

दुकानदाराने मला टायरांबद्दल जे जे सांगितलं, ते जवळपास सगळं खरं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी फसलो ते त्यामुळेच. थापा मारणारा दोन वाक्यांत कळतो. हा माणूस अर्धा तास मला शिकवत बसला होता, आणि शिकवत होता ते बरोबर होतं.

गाडी मोठी, आरामाची, सेकंडहँड घेतलेली. घेतली ती आईसाठी. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. मागच्या सीटवर तासभर बसायचं म्हटलं की तिला आधी दोन दिवस धास्ती. गाडी बाकी झकास, पण छोट्या खड्ड्यातही मागून असा दणका यायचा की आरामाची गाडी म्हणायची लाज वाटावी. टायर पाहिले तर नक्षी उतरत आलेली, म्हणून म्हटलं, बदलायचेच आहेत तर या वेळी नीट निवडून बदलू.

दुकानदाराने टायरवर हात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, हे रन-फ्लॅट आहेत. दणक्याचं कारण इथंच आहे." पंक्चर झाल्यावरही गाडीचं वजन पेलता यावं म्हणून या टायरांच्या बाजूच्या भिंती मुद्दाम जाड आणि ताठ बनवतात. हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटरपर्यंत, ताशी ८० च्या आत, गाडी नेता येते. ताठ भिंत दबत कमी, म्हणून खड्डा थेट सीटपर्यंत पोचतो. "साधे टाका, फरक लगेच कळेल," तो म्हणाला. खरं आहे.

मग त्याने मापाची फोड केली. २४५/४५ आर १८. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ४५ टक्के, म्हणजे ११० मिलिमीटर, आणि रिम १८ इंची. गाडीची पहिली गादी ती ही ११० मिलिमीटर. शॉक अॅब्सॉर्बरचा नंबर नंतर लागतो. माझा पुतण्या १९ इंची अलॉयसाठी मागे लागला होता. दुकानदार म्हणाला, "अजिबात नको. बाहेरचा व्यास तेवढाच ठेवायचा तर २४५/४० घ्यावा लागेल, भिंत ९८ वर येईल. दिसायला छान, बसायला वाईट." जास्त महागाची विक्री स्वतःहून नाकारणारा दुकानदार! माझा विश्वास तिथेच बसला.

शेवटी त्याने आतून फोम लावलेला टायर दाखवला. मोठ्या गाडीत इंजिनाचा आवाज येत नाही, म्हणून टायरचा जास्त जाणवतो. खडबडीत रस्त्यावर जी पोकळ 'घूं' ऐकू येते, ती टायरच्या आतल्या हवेच्या कड्याची असते. साधारण २०० हर्ट्झच्या आसपास ही हवा घुमते. आतून राखाडी स्पंजची पट्टी चिकटवली की ते घुमणं बरंच मरतं. मी बोट घालून स्पंज दाबून पाहिला. टायरच्या भिंतीवरचा तारखेचा आकडाही त्याने अंगठ्याने पुसून दाखवला: ४४२३. म्हणजे २०२३ सालातला ४४ वा आठवडा. आम्ही होतो फेब्रुवारी २०२४ मध्ये. "ताजा माल आहे साहेब. तुम्ही आत बसा, एसी आहे. पाऊण तासात गाडी तयार."

मी आत जाऊन बसलो. मोबाइल काढला.

पावतीवर लिहिलं होतं: टायर ४ नग, फिटिंग, बॅलन्सिंग, नायट्रोजन. (नायट्रोजनचे पैसे मी निमूट दिले. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.) जुने टायर "भंगारात घेतो" म्हणून त्याने ठेवून घेतले. त्यांचा मी एकही फोटो काढला नव्हता.

पहिल्या दिवशी गाडी आधीपेक्षा कडक वाटली. घरी आल्यावर हवा मोजली तर चारही चाकांत ४२ पीएसआय. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं. टायरच्या भिंतीवर जो दाबाचा आकडा असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. आपल्या गाडीला किती हवा लागते ते गाडीचा स्टिकर सांगतो, आणि तेही टायर गार असताना. मी सकाळी हवा ३३ वर आणली आणि गाडी खरंच मऊ झाली. दोष सापडला, काम झालं, असं समजून मी खूश. आता वाटतं, जास्त हवेमुळे खरा दोष झाकला गेला; उलगडा झाल्याचं समाधान फुकट मिळालं आणि मी पुढे शोधलंच नाही.

आई मात्र म्हणत राहिली, "मागे अजून दणके बसतात रे." मी म्हटलं, सवयीचा भाग असेल. ती म्हणाली, "तू पुढे बसतोस, तुला काय कळणार?" यात सगळं उत्तर होतं हे मला सहा महिन्यांनी समजलं. मधल्या काळात मी मागचे सस्पेन्शन बुश, म्हणजे सांध्यांतले रबराचे तुकडे, बदलून घेतले. गॅरेजवाल्याचा दोष नाही, बदला असं मीच सांगितलं होतं. पावसात एकदा वळणावर गाडीचा मागचा भाग हलकासा बाहेर फेकला गेला. रस्त्यावर ऑइल सांडलं असेल म्हणून तेही सोडून दिलं.

मग मागचं डावं चाक पंक्चर झालं. रात्र, आईसोबत. डिकी उघडली तर स्टेपनीच्या जागी नुसता खळगा. रन-फ्लॅटच्या गाडीत बऱ्याचदा स्टेपनी देतच नाहीत, कारण गरजच पडत नाही. साधे टायर घातले की गरज पडते. दुकानदाराने एवढी एकच गोष्ट सांगितली नव्हती, आणि विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

पंक्चरवाला स्कूटरवर जॅक घेऊन आला. विशी-बाविशीचा पोरगा. चाक काढलं, आडवं टाकलं, ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि थांबला.

"दादा, हा टायर कुणी बसवला?"

"का?"

त्याने मोबाइलची बॅटरी टायरवर धरली. रबरातच उठवलेली इंग्रजी अक्षरं: इनसाइड. "हे बाहेरच्या तोंडाला आहे. उलटा चढवलाय."

आरामाच्या टायरांत बरेचसे असममित नक्षीचे असतात: आतल्या अर्ध्या भागाची नक्षी वेगळी, बाहेरच्या अर्ध्याची वेगळी. पाणी बाहेर टाकणं, वळणावर धरून राहणं, आवाज, यांची विभागणी त्या दोन भागांत केलेली असते. म्हणून भिंतीवर 'आउटसाइड' आणि 'इनसाइड' लिहितात. ज्याला वाचता येतं त्याच्या हातून हे चुकत नाही. मी म्हटलं, घाईत झालं असेल.

पोराने काही न बोलता चाक उलटं केलं. आतली बाजू चिखलाने माखलेली होती. ती पुसल्यावर अक्षरांची एक ओळ निघाली, आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे: ३२१९.

पुष्कळ टायरांवर पूर्ण कोड, म्हणजे ती ओळ आणि शेवटी तारीख, एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला कोड अर्धाच, तारीख नसलेला. तारीख जर 'आउटसाइड'च्या बाजूला असेल आणि ती लपवायची असेल, तर टायर उलटा चढवला की झालं. २०१९ चा ऑगस्ट. मी विकत घेतला तेव्हाच तो साडेचार वर्षांचा होता. गोदामात पडलेला, कधी न चाललेला, म्हणून नक्षी पूर्ण आणि नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. त्या केसांवरून टायर ताजा समजणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील. केस एवढंच सांगतात की टायर रस्त्यावर चाललेला नाही. किती वर्षं पडून होता हे त्यांच्यावरून कळत नाही. पोराने नक्षीच्या खाचा बोटांनी फाकवून दाखवल्या. तळाशी केसासारख्या भेगा होत्या. मग त्याने नख दाबलं. ते नुसतं घसरलं. पुढच्या टायरला दाबलं तर खूण उमटली.

मापही पाहिलं. पुढच्यांवर ९६ डब्ल्यू, मागच्यांवर १०० डब्ल्यू एक्सएल. डब्ल्यू हे वेगमर्यादेचं अक्षर, आकडा भाराचा: ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. एक्सएल जास्त भारासाठी बांधलेला असतो, त्यामुळे त्याची घडणही सहसा जास्त ताठ. चुकीचा म्हणता येत नाही, गाडीला चालतो. पण आराम हवा म्हणून गेलेल्या माणसाच्या मागच्या चाकांना जुना, वाळलेला, वर एक्सएल! पुढे ताजे, कारण मालक पुढे बसतो आणि मालकाला ताजी तारीख दाखवलेली असते. मागे कोण बसतं ते दुकानदाराला मीच सांगितलं होतं. आणि वाळलेलं रबर ओल्या रस्त्यावर कमी धरतं. ते मागच्या चाकांना असलं की गाडीची शेपटी आधी सुटते आणि सावरायला वेळ मिळत नाही. वळणावरचं ते 'ऑइल' आठवलं आणि पोटात गोळा आला.

शेवटी त्याने टायर रिमवरून अर्धा उतरवला. मी वाकून आत पाहिलं. काळंभोर, नागडं रबर. स्पंजचा मागमूस नाही. मी दाबून पाहिला होता तो टायर नमुन्याचा. तो कदाचित आजही त्या दुकानात कुणाच्या तरी बोटाखाली दबतोय.

दुसऱ्या दिवशी पुढचेही उघडून घेतले. ताजे होते, पण फोम त्यांतही नव्हता. पैसे चारही फोमवाल्यांचे घेतले होते.

दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने आवाज चढवला नाही, चेहरा पडू दिला नाही. म्हणाला, "पोरगं नवीन होतं साहेब, उलटे बसले असतील. सुलटे करून देतो, चार्ज घेणार नाही." तारखेचं विचारलं तर, "माल कंपनीकडून येतो तसाच आम्ही देतो." फोमचं विचारलं तर पावती माझ्यासमोर सरकवली. "यात फोम कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलं नव्हतं. टायर ४ नग. कंपनी नाही, पूर्ण माप नाही, तारीख नाही. ती पावती पाकिटात घालतानाच मी केस हरलो होतो. मी आवाज चढवला, तो शांत राहिला, आणि दुकानातले बाकीचे गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयाने बघू लागले. सुलटे करून घेतले नाहीत. परत आलो.

आता टायर घ्यायला कुणी निघालं तर मी एवढंच सांगतो की रिमवर चढण्याआधी चारही टायर जमिनीवर मांडायला लावा. चारही. एक दाखवून तीन ठोकणं हाच सगळा खेळ आहे. प्रत्येकाच्या दोन्ही भिंती वाचा, आत बॅटरी मारा, चारही कोडांचे फोटो काढा आणि तेच कोड पावतीवर लिहून घ्या. दुकानदार कां-कूं करू लागला तर तिथूनच गाडी वळवा. गाडीसोबत आलेल्या मूळ टायरवर गाडीच्या कंपनीची खूण असेल तर तीही टिपून ठेवा. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, पोर्शसाठी एन आणि पुढे आकडा. नाव आणि नक्षी तीच असली तरी खुणेचा टायर त्या गाडीसाठी वेगळा जुळवलेला असतो, आणि "सेम पॅटर्न आहे साहेब" या वाक्यात हा फरक गडप होतो. लेबलवर आवाजाचे डेसिबल असतील तर ते रस्त्याकडेला मोजलेल्या आवाजाचे आहेत, गाडीच्या आत काय ऐकू येईल त्याचे नाहीत. आणि एसीत बसू नका. गाडीशेजारी उभं राहा, पाय दुखले तरी.

नंतर टायर दुसरीकडून घेतले. तिथल्या माणसाने न सांगताच चारही टायर फरशीवर उभे केले, मी एकेकात हात घालून स्पंज चाचपत गेलो, तो कोड वाचत गेला आणि त्याची मुलगी पावतीवर लिहीत गेली. चौथा झाल्यावर तो म्हणाला, "एक आधीच सांगतो. याचं पंक्चर काढताना तेवढ्या जागचा फोम खरवडावा लागतो. वेळ लागतो, आणि कुणीही काढून देत नाही. आणि तुमच्या डिकीत स्टेपनी नाही, ते बघून घ्या."