पिल्लांची हाक की मोठ्या उंदरांचं गाणं? नर-मादी फरक बघायचा असेल तर काय रेकॉर्ड करावं

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची बरीच पोरं हल्ली ऑटिझमच्या माऊस मॉडेलवर (ऑटिझमशी जोडलेला जीन बदललेल्या उंदरांवर) काम करायचं म्हणतात, आणि त्यात नर-मादी फरक बघायचा म्हटलं की गाडी इथंच अडते, की आठवडाभराच्या पिल्लांची हाक घ्यायची का मोठ्या उंदरांचं गाणं. दोन्ही आवाज अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येण्याइतक्या वरच्या पट्टीतले. मी दोन्ही करून बघितलंय. माईक, सॅम्पलिंग रेट, सॉफ्टवेअर हे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडतो.

मोठ्यांचं गाणं दिसायला भारी, यात वाद नाही. नराला मादीचा वास लागला की तो गातो, आणि त्यात नुसतं चूंचूं नसून एकेक प्रकार परत परत येणारी रचना असते, हे होली आणि गुओ यांनी २००५ सालीच दाखवलंय. ऑटिझमशी जोडलेला शँक१ जीन काढलेल्या उंदरांत आवाज कमी पडतात हेही २०११ मध्ये येऊन गेलंय. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, ती वळणं, मधल्या उड्या बघितल्या की गाईडही खूश होतात.

पण माझं घोडं अडलं ते एकाच ठिकाणी: बोललं कोण? नर-मादी एका पिंजऱ्यात सोडले, वर एक माईक टांगला, आता रेष उमटली ती कुणाची? खडेबाजारच्या गर्दीत मागनं कुणीतरी ‘ओ’ म्हणून हाक मारावी आणि आपण उगाच दहा तोंडं बघत बसावं, तसलं काम. पूर्वी सगळे सरळ नराच्या खात्यावर टाकायचे, पण २०१५ मध्ये न्यूनुबेल आणि मंडळींनी चार माईक लावून आवाजाची जागा शोधली तर पाठलाग चालू असताना मादीही बोलते असं निघालं. म्हणजे विषय काय तर नर-मादी फरक, आणि नेमकं तेच माईकला कळत नाही! माझं तर डोकंच उठायचं, व्हिडिओ थांबवून थांबवून बघा, तरी तोंड कुणाचं हललं ते दिसत नाही.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. मादीच्या लघवीचा बोळा ठेवला तर नर एकटाच गातो. मादीसमोर नवी मादी सोडली तर त्याही भरपूर बोलतात. पण मग नर बोळ्यासमोर आणि मादी मादीसमोर, आता जो फरक दिसेल तो नर-मादीचा का प्रसंगाचा? वरनं मादीचं प्रजनन चक्र कुठल्या टप्प्यावर आहे ते स्मिअर (योनीतल्या पेशींचा नमुना) घेऊन बघा, आणि सी५७ या लॅबमधल्या काळ्या जातीचे उंदीर असतील तर काही महिन्यांतच त्यांना वरच्या पट्टीतलं ऐकू कमी येतं, तेही धरा.

पिल्लांचं बरं असतंय. घरट्यातनं एक पिल्लू उचलायचं, थर्माकोलच्या डब्यातल्या वाटीत ठेवायचं, पाच मिनिटं रेकॉर्ड करायचं. तिथं दुसरं कुणी नाही, त्यामुळं बोललं ते तेच. आणि नर असो का मादी, प्रसंग दोघांना एकच, आईपासून तुटलेलं पिल्लू. सी५७ या काळ्या जातीचा फायदा म्हणजे नर पिल्लाला मागच्या बाजूला काळसर ठिपका पहिल्या काही दिवसांतच दिसतो. पांढऱ्या जातीत तो नसतो, तिथं गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर बघून ठरवावं लागतं आणि दूध तोडताना परत खात्री करावी लागते.

त्रास इथंही आहे. पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, गार पडलं की जास्त ओरडतं, आणि आमच्याकडं जुलैत झड लागली की ॲनिमल हाऊसचं तापमान कुठल्या कुठं जातं. त्यात आधी सगळे नर, मग सगळ्या माद्या अशा ओळीनं घेतल्या तर शेवटची पिल्लं थंड होऊन बसलेली असतात, म्हणून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि बाकीच्यांना हीटिंग पॅडवर ठेवा. करंट गेला की यूपीएस सुरू होतो आणि स्पेक्ट्रोग्रामवर आडवी जाड रेष येते, तेवढा भाग काढून टाकावा लागतो.

शिवाय लोक म्हणतात पिल्लाच्या ओरडण्याला कसला आलाय नर-मादी फरक. मला तसं वाटत नाही. २०१३ मध्ये बॉवर्स वगैरेंनी रॅटच्या, म्हणजे माऊसपेक्षा मोठ्या उंदराच्या, पिल्लांत बघितलं, तर नर पिल्लं जास्त ओरडत होती, आवाजाशी जोडलेलं फॉक्सपी२ प्रोटीनही त्यांच्या मेंदूत जास्त होतं, आणि ते कमी केल्यावर ओरडण्यातला फरक उलटला आणि आई कुणाला आधी उचलते तो क्रमही बदलला. रॅटचं माऊसला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही, पण रस्ता दिसतो.

एफएमआर१ (ऑटिझमशी जोडलेला आणखी एक जीन) काढलेले उंदीर घेणार असाल तर मात्र जोड्या लावतानाच विचार करा, कारण तो जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, नरात त्याची एकच प्रत असते, मादीत दोन. बाप साधा (जीन शाबूत असलेला) आणि आई हेटरोझायगस (एकच प्रत बंद असलेली) असेल तर मुलांत नॉकआऊट (जीन पूर्ण बंद असलेले) मिळतील, मुलींत एकही नाही, आणि नॉकआऊट मुलगा विरुद्ध हेटरोझायगस मुलगी ही तुलना नर-मादीची राहतच नाही. आई तीच ठेवून बाप नॉकआऊट घ्या, मग दोन्हीकडं नॉकआऊट निघतात, पण साध्या मुली मिळत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी जोडी लावावी लागते.

अर्थात तुमचा प्रश्नच जोडीदाराशी वागण्याचा असेल तर मोठेच घ्यावे लागतील, पैसे असतील तर चार माईकवाला सेटअप करा. नसेल तर माझ्या मते पिल्लंच बरी. फक्त एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ वेगळे नमुने असं धरू नका, आकडेवारीत एक घरटं म्हणजे एक नमुना धरा, आणि एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये घरट्यांची संख्या आधीच वाढवून मागा.