दोहाचा लांब थांबा: लाउंज की हॉटेल?

कुडाळची मैत्रीण विचारात पडलीय. आईबाबा मुंबईहून दोहामार्गे लेकाकडे अमेरिकेला निघालेत, बिझनेस क्लासने. दोहात रात्रीचे नऊ तास काढायचेत. लाउंजमध्ये, म्हणजे विमान कंपनीच्या आरामकक्षात बसवायचं, की विमानतळातल्याच ओरिक्स हॉटेलात खोली घ्यायची? दोन्ही ट्रान्झिट भागातच, म्हणजे देशात न शिरता विमान बदलायच्या जागेत, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही.

पैशांत लाउंज सरस. कतार एअरवेजच्या बिझनेस तिकिटात अल मुर्जान लाउंज धरलेलं असतं. फक्त सगळ्यात स्वस्त 'लाइट' भाड्यात नसतं, तेवढं तिकिटावर नीट बघून घ्या. हॉटेलचे पैसे वेगळे मोजावे लागतात. खाण्यातही लाउंजच पुढे: गरम जेवण, फळं, चहा, हवं तेव्हा.

खरा प्रश्न झोपेचा. लाउंजमध्ये शांत कोपरे आहेत, अंघोळीची सोय आहे, पण येजा थांबत नाही आणि डोळा लागला तर गेटची वेळ आपणच सांभाळायची. सत्तरीतल्या माणसाला गुडघे पसरून, दिवा मालवून, लुंगी नेसून आडवं व्हायचं असतं. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, तेव्हा बाथरूम चार पावलांवर हवं. ते सुख खोलीतच. पुढचा तेरा-चौदा तासांचा प्रवास त्या झोपेवरच निभतो.

थांबा चार-पाच तासांचा असेल किंवा प्रवासी तरुण असेल, तर लाउंज पुरे. मैत्रिणीच्या आईबाबांसाठी मी खोलीच घेईन, मोबाइलला गजर लावून देईन, आणि निघण्याआधी नाश्ता लाउंजमध्ये करायला सांगेन.