ससे आवरण्यासाठी स्वस्त एअर रायफल : स्प्रिंगची घ्यावी की हवा भरण्याची?

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील एका मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात ससे मारण्याची लेखी परवानगी मला मिळाली, त्याला आता सात वर्षे होतील. या काळात मी आधी साडेतीन वर्षे स्प्रिंगची, म्हणजे दर छर्ऱ्याला नळी वाकवून स्प्रिंग दाबण्याची, मग दोन वर्षे पीसीपी म्हणजे आधी हवा भरून ठेवण्याची, आणि त्यानंतर पुन्हा स्प्रिंगची रायफल वापरली. इंग्लंडमध्ये नव्याने या नादाला लागलेले आपले लोक मला विचारतात की, हातात मोजकेच पैसे असतील तर यांपैकी कोणती घ्यावी. त्यांना दर वेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, असे वाटले.

मी लिहितो आहे ते इंग्लंड आणि वेल्समधील परिस्थितीबद्दल. येथे १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मात्र घेणाऱ्याचे वय १८ पूर्ण असावे लागते आणि जमीनमालकाची संमती लागते. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून एवढ्या शक्तीच्या रायफललाही प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्रातील वाचकांनी मात्र यातील शिकारीचा भाग फक्त माहिती म्हणून वाचावा, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे सशाची शिकार हा गुन्हा आहे. कागदावरच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांना रायफलीच्या वागणुकीबद्दलचा मजकूर तेवढा उपयोगी पडेल.

अचूकतेबद्दल आधी सांगतो, कारण तेथे वादाला फारशी जागा नाही. कुंपणापाशी सतरंजी अंथरून, रायफल पिशवीवर टेकवून, ३० यार्डांवरच्या पुठ्ठ्यावर पाच-पाच छर्रे मारले, तर माझ्या पीसीपीचे पाचही छर्रे एक पेनीच्या नाण्याखाली झाकले जात असत. स्प्रिंगच्या रायफलीला त्यासाठी दोन पौंडांचे नाणे लागे, आणि तेही ज्या दिवशी माझा हात चांगला असेल त्या दिवशी. यामागचे कारण सर्वांना माहीत आहे. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, तो हवेच्या गादीवर थांबतो तेव्हा ती पुढे झेपावते, आणि या सगळ्या हालचालीत छर्रा अजून नळीतच असतो. त्यामुळे रायफल कशी धरली आहे यावर छर्रा कोठे जाणार हे ठरते. घट्ट आवळून धरली तर एक जागा, उघड्या तळहातावर सैल ठेवली तर दुसरी, आणि फाटकाच्या लोखंडी दांडीवर टेकवली तर तिसरीच. पीसीपीला धक्का जवळजवळ नसतो, म्हणून तिला हे काहीच बाधत नाही. ज्याला आठवड्यातून तासभरसुद्धा सरावाला मिळत नाही, त्याने येथेच वाचन थांबवून पीसीपी घेतली तरी मी त्याला चूक म्हणणार नाही.

तरीही या तुलनेत एक गोष्ट नेहमी सुटते, असे मला वाटते. सशाच्या डोक्यातील मर्माची जागा मोठ्या नाण्याएवढी असते, आणि छर्रा तेथेच बसला पाहिजे. अंगावर कोठेतरी बसून चालत नाही. मग मी स्प्रिंगच्या रायफलीने २५ यार्डांच्या पलीकडे चाप ओढायचा नाही, असा नियम स्वतःला घालून घेतला. पीसीपीने ३५ यार्डांपर्यंत जाता येत असे. हा दहा यार्डांचा फरक उघड्या कुरणावर खरोखर जाणवतो, पण जेथे झुडपांची कुंपणे आहेत आणि ससे बिळापासून फार दूर जात नाहीत, तेथे दहा यार्ड सरपटत पुढे जाता येते. माझे रान या दुसऱ्या, कुंपणांच्या प्रकारचे आहे, हे येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला, त्याकडे येतो. माझी पीसीपी स्वस्तातील होती, तिला रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक छर्ऱ्याला हवा एकसारख्या दाबाने देणारा भाग, नव्हता, आणि दस्त्याच्या खाली रुपयाएवढा दाबमापक बसवलेला होता. २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरली की साधारण साठ छर्रे सुटत. त्यांतील पहिले काही थोडे मंद जात, कारण जास्त दाबाने झडपच आवळली जाते, मधले चाळीस एकसारखे जात आणि शेवटचे हळूहळू खाली उतरत. हे एकदा वहीत मांडून ठेवले की अडचण नसते. अडचण सुरू झाली ती दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात, जेव्हा पहाटे गाडीतून रायफल बाहेर काढल्यावर काटा आदल्या रात्रीपेक्षा खाली दिसू लागला.

थंडीत हवेचा दाब उतरतोच. २० अंशांच्या खोलीत २०० बार दाखवणारा काटा शून्य अंशाच्या पहाटे १८६ च्या आसपास येणे हा निसर्गनियम आहे, त्यात रायफलीचा दोष नाही. पण काटा १८० वर दिसला तर तो थंडीमुळे, की कोठेतरी ओ-रिंगमधून, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्यातून, हवा झिरपते आहे म्हणून, हे रुपयाएवढ्या मापकावरून सांगता येत नाही. मी सुमारे दोन महिने ते थंडीचेच समजत राहिलो. घरात आणल्यावर काटा थोडा वर येई आणि माझी समजूत पक्की होई. एका संध्याकाळी २८ यार्डांवर बसलेल्या सशावर मी अगदी स्वस्थपणे नेम धरला, आणि छर्रा बोटभर खाली, जबड्यावर बसला. तो ससा उडी मारून काटेरी झुडपात शिरला. बॅटरीच्या उजेडात पाऊण तास शोधल्यावर तो सापडला आणि मी त्याला मारून वेदनेतून सोडवले, पण त्या पाऊण तासात त्याने काय सोसले असेल, हे मला अजूनही विसरता येत नाही. घरी येऊन वेग मोजला, तेव्हा तो नेहमीपेक्षा बराच कमी भरला. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने हवा भरण्याच्या तोंडाजवळची एक ओ-रिंग बदलली. तिची किंमत काही पेन्सच होती. तीन महिन्यांनी दुसऱ्या जागेहून झिरपणे सुरू झाले.

बिघाड कोणत्याही यंत्रात होतो, आणि स्प्रिंगच्या रायफलीतही तो होतो. धक्क्यांमुळे दस्त्याचे स्क्रू सैल होतात, दुर्बिणीची बैठक खाचेवरून मागे सरकते, नळीच्या बिजागरीत ढिलेपणा येतो. परंतु यातील प्रत्येक दोष हाताला कळतो. निघण्यापूर्वी मी स्क्रू तपासतो, बैठकीच्या मागे पेन्सिलीने केलेली खूण पाहतो, नळी मिटवून दोन बोटांनी हलवून बघतो. दोन मिनिटांत रायफल ठीक आहे की नाही हे समजते. स्प्रिंग म्हातारी झाली तरी ती अनेक महिन्यांत, थोडी थोडी म्हातारी होते. आज सकाळी पहिला छर्रा ज्या वेगाने गेला, जवळजवळ त्याच वेगाने संध्याकाळचा शेवटचा जातो, कारण प्रत्येक वेळी स्प्रिंग मीच, तेवढ्याच अंतराने नळी वाकवून, दाबलेली असते. स्वस्त पीसीपीत दोष आत, शांतपणे वाढतो आणि त्याची पहिली खबर कधीकधी जखमी जनावराकडून मिळते. माझ्या दृष्टीने विश्वासार्हतेचा प्रश्न एवढाच आहे.

रेग्युलेटर असलेल्या पीसीपी आता बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत, आणि त्यांच्यात माझ्या तक्रारीचा मोठा भाग दूर होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु हलक्या प्रतीच्या रेग्युलेटरमध्ये रायफल न वापरता ठेवलेली असताना रेग्युलेटरच्या पुढचा दाब हळूहळू चढत जातो आणि पहिला छर्रा पुढच्यांपेक्षा वेगळा जातो. शिकारीत तर बहुतेक वेळा पहिलाच छर्रा मोजला जातो. माझा अनुभव दोन-तीन रायफलींपुरता आहे, त्यामुळे सगळ्यांना एकच माप लावू नये.

खर्चाचा हिशेब करताना रायफलीच्या किमतीवर थांबू नये. पीसीपीला हातपंप किंवा हवेची बाटली लागते. पंप मारणे दमवणारे असते आणि त्यातून ओल आत जाण्याची भीती राहते, तर बाटली जवळच्या पाणबुड्यांच्या दुकानातून भरून आणावी लागते आणि ठरावीक वर्षांनी तपासून घ्यावी लागते. तेवढ्या एकूण रकमेत स्प्रिंगची चांगल्या प्रतीची, जुनी पण निगा राखलेली रायफल येते. वाइराउख या जर्मन कंपनीच्या एचडब्ल्यू ९५ सारख्या रायफली वापरलेल्या अवस्थेत मिळतात, आणि त्यांचा रेकॉर्ड नावाचा चाप इतका स्वच्छ सुटतो की सैल धरण्याची सवय लवकर लागते. स्वस्तातील स्वस्त नवी स्प्रिंगची रायफल मात्र घेऊ नये. तिचा जड, खरखरीत चाप सगळा सराव वाया घालवतो.

गॅस रॅमबद्दल, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बंद नळकांड्यातील दाबलेला वायू असलेल्या रायफलीबद्दल, एवढेच की, ती बराच वेळ ताणून ठेवता येते आणि तिच्यात स्प्रिंगचा झणत्कार नसतो, पण धक्का तीक्ष्ण असतो, आणि रॅममधील दाब उतरला तर तो सहसा घरी भरता येत नाही. मला तिच्यात फार लाभ दिसला नाही.

नळीच्या व्यासाच्या बाबतीत मी .१७७ इंचाकडे झुकतो. ८.४ ग्रेन वजनाचा छर्रा या शक्तीत सेकंदाला सुमारे ७८० फूट वेगाने जातो, तर .२२ चा १६ ग्रेनचा सुमारे ५७० फुटांनी, म्हणजे तो अधिक वाकून पडतो आणि अंतराचा अंदाज चार-पाच यार्डांनी चुकला तर छर्राही चुकतो. .२२ चा घाव अधिक जड बसतो असे मानणारे जाणकार आहेत, आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा अधिक वर्षांचा अनुभव आहे. छर्रे मात्र दोन-तीन प्रकारचे आणून स्वतः तपासावेत, कारण एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांनाही वेगवेगळे छर्रे मानवतात.

लहानपणी सातारा जिल्ह्यातील आमच्या ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून मी गोफणीने पाखरे राखली आहेत. तेथे दगड नुसता पिकावरून गेला तरी काम होत असे. येथे तसे नाही, म्हणूनच मी या एका त्रासावर इतका रेंगाळलो. ज्यांना पाठदुखीमुळे नळी वाकवणे जमत नाही, किंवा ज्यांचे रान माझ्यासारखे कुंपणांचे नसून उघडे आहे आणि शिवाय सरावाला वेळ नाही, त्यांनी पीसीपी जरूर घ्यावी. फक्त घेताना दुकानदाराकडून ती पूर्ण भरून घ्यावी, घरातील एकाच खोलीत, एकाच तापमानात आठवडाभर ठेवावी आणि रोज एकाच वेळी काटा लिहून ठेवावा. आठव्या दिवशी तो पहिल्या दिवसाच्या जागी नसेल, तर रानात जाण्याआधीच ती परत करावी.