भुईमुगात ट्रायकोडर्मा : दोन हंगाम वापरल्यानंतर

अफलाटॉक्सिन हे विष जास्त निघालं म्हणून भुईमुगाचा माल परत आला, तेव्हा रोगट बुरशीला आवरणाऱ्या ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीकडे वळलो. दाणे दिसायला टपोरे, स्वच्छ होते. तेच मनाला जास्त लागलं. ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी हे विष शेंगेत सोडते. त्यातला बी-1 प्रकार माणसाला कर्करोग करतो आणि दाणे भाजूनही तो पुरता जात नाही.

पहिला हंगाम वाया गेला, चूक माझीच. कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यालाच ट्रायकोडर्मा चोळलं. ते बुरशीनाशक या मित्रबुरशीलाही सोडत नाही.

दुसऱ्या वेळी किलोभर बियाण्याला ट्रायकोडर्माची 4 ग्रॅम भुकटी चोळून बी सावलीत सुकवलं. हेक्टरी अडीच किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मुरवून वाफशावर, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असताना, मातीत दिली. एक पट्टा मुद्दाम तसाच ठेवला. त्या पट्ट्यात रोपं जमिनीलगत कुजून बसत होती, बाकी रानात मर तुरळक. एवढ्यावर मी खूश झालो होतो. पण मर कमी झाली म्हणजे विषही कमी झालं, असं होत नाही. ते तपासणीतच कळतं.

तपासायला दोन ढीग दिले. रान एक, बियाणं एक, ट्रायकोडर्माही तेच. एका ढिगाला शेवटच्या महिन्यात पाणी वेळेवर मिळालं होतं. दुसरा रानाच्या टोकाचा, तिथे पाणी पोचलंच नव्हतं. पहिला अफलाटॉक्सिनच्या किलोला 15 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत बसला, दुसरा नाही. शेंगा भरताना जमीन तापली आणि ताण पडला की झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती ढासळते, आणि फ्लेव्हसला नेमकी तीच ऊब मानवते. तिथे ट्रायकोडर्मा एकटं पुरं पडलं नाही.

अमेरिकेत वेगळी वाट आहे, ती मला फार पटते. विष न बनवणारा फ्लेव्हसच सातूच्या दाण्यांवर चढवून रानात टाकतात. तो विषारी भावंडांची जागा आधीच अडवतो. भुईमुगासाठी तिथे त्याला 2004 मध्ये मान्यता मिळाली. मला तो वापरायला मिळालेला नाही.

ट्रायकोडर्मा पुढच्या हंगामातही लावणार, पाकिटावरची तारीख बघून आणि उन्हात न ठेवता. टोकाच्या भागाला पाणी पोचेल तेवढीच पेरणी करणार. उपटलेले वेल शेंगा वर करून वाळवायचे, दाण्याची ओल 8 टक्क्यांखाली येईपर्यंत पोती भरायची नाहीत. फुटक्या, किडक्या शेंगा आताही हातानेच वेगळ्या काढतो.