सांगून बिघडणारा आणि न सांगता बिघडणारा

डोंबिवलीचा धाकटा चुलतभाऊ आंजर्ल्याच्या घराचा आपला अर्धा भाग दुरुस्त करून घेतोय. लाद्या बसल्या, न्हाणीला दार लागलं, आता गाडी गीझरवर अडली आहे. "दादा, गॅसचा घेऊ की विजेचा?" असं त्याने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी "बघू रे" म्हणून वेळ मारून नेली. माझ्याकडे हे दोन्ही नांदून झालेत. तांब्याचा बंब तर आजीच्या काळापासून आहेच.

किंमत, लिटर, स्टारबिर दुकानदार सांगेलच. मी आताशा एवढंच बघतो, की ही वस्तू आजारी पडायला लागली की आधी कळवते का? शहरात याची तितकी गरज नसेल. इथे मेकॅनिक दापोलीहून येणार, तोही चार घरची कामं एकदम साठली की. भर पावसात त्याचं "उद्या येतो" म्हणजे पंचमी की चतुर्थी, ते त्यालाच ठाऊक. आठ दिवस आधी कुणकुण लागली तर निभतं.

आधी गॅसचा, कारण घरात तो आधी आला. त्याची बाजू घ्यायची तर पुष्कळ आहे. नळ सोडला की गरम पाणी, वाट बघणं नाही. लाइट गेली तरी चालतो, ठिणगीपुरते दोन मोठे सेल घातले की झालं. पाहुणे आले की एकामागून एक आंघोळी होतात, कुणी कुणासाठी खोळंबत नाही. पहिलं वर्षभर मी त्याचं सगळीकडे कौतुक करत होतो.

मग एका डिसेंबरात पुण्याचे पाहुणे उतरले होते. सकाळी साडेसहाला न्हाणीतून हाक आली, "अहो, पाणी गार झालं!" बाहेरच्या भिंतीवरच्या गीझरातून टक्-टक्-टक् आवाज येतोय, ज्योत काही धरत नाही. आत तोंडाला साबण लावलेला माणूस आणि बाहेर मी, हातात बॅटरी. सेल बदलले, तरी टक्-टक्. सिलिंडर हलवून पाहिला, भरलेला. शेवटी आईने चुलीवरचं पाणी बादलीत ओतून दिलं. दुपारी कळलं, की पाणी जिथे गीझरात शिरतं तिथल्या जाळीत विहिरीतली बारीक पुळण अडकली होती. चिमूटभरसुद्धा नसेल.

दोन महिन्यांनी पुन्हा तेच टक्-टक्. या वेळी जाळी साफ होती. खाऱ्या हवेने सेलच्या स्प्रिंगवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड धरली होती. त्यानंतर एकदा आतला रबरी पडदा फाटला, पाण्याच्या दाबाने उचलून गॅस सोडणारा. एकदा तर टाकी अर्ध्यावर आली होती, एवढंच. दहा मीटर उंचीचं पाणी एक बार दाब देतं. आमची टाकी न्हाणीच्या नळापासून जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब 0.3 बारच्या आसपास. गीझर त्या काठावरच चालत होता, जरा काही झालं की पडदा उचलायचाच नाही.

मला वैताग आला तो बिघाडांचा नाही. बिघाड कशालाही होतात. या गीझरच्या सगळ्या दुखण्यांना लक्षण एकच, हा खरा त्रास. सेल संपू दे, जाळी तुंबू दे, पडदा फाटू दे, टाकी उतरू दे, तो टक्-टक् करणार आणि पेटणार नाही. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत, आज सकाळी बंद. ज्यांची टाकी उंच आहे किंवा प्रेशर पंप आहे, त्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल, तो मी नाकारत नाही.

एक गोष्ट मात्र तो आधी सांगतो, आणि ती कानाआड करू नये. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी पडायला लागली, वरच्या झाकणावर काजळी दिसली, तर जळण नीट होत नाहीये. यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीत त्याने माणसं दगावतात. गीझर तिथेच बंद करायचा आणि साफ करून घेतल्याशिवाय लावायचा नाही. मुळात न्हाणीच्या आत तो बसवायचाच नाही. आमचा पहिल्यापासून बाहेर होता, ती अक्कल आईची.

आता विजेचा, साठवणीचा, 15 लिटरचा. हा मंद आहे, आणि दोन पाहुण्यांनंतर तिसऱ्याला थांबवतो. पण प्रत्येक दुखण्याला त्याचं लक्षण वेगळं.

तापताना चहाच्या किटलीसारखा खुळखुळ-खडखड आवाज यायला लागला, तर आत क्षार बसलेत. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचा तो आवाज. कॉइल लगेच जात नाही, पण ती स्वतःच भाजत असते. हा आवाज ऐकल्यावर मी दिवाळी होईपर्यंत थांबलो, मग टाकी उघडून धुऊन घेतली. तळातून वाडगाभर पांढरा चुरा निघाला. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, त्याचा हा प्रसाद.

गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला तर बहुतेक वेळा आतला मॅग्नेशियमचा रॉड आणि विहिरीच्या पाण्यातले जिवाणू यांची ती जोडकामगिरी असते. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच घातलेला असतो. मचूळ पाण्यात तो लवकर संपतो. माझा तीन वर्षांनी काढला तेव्हा सुतळीएवढी तार उरली होती. ती वेळेवर बदलली म्हणून टाकी वाचली, असं मी तरी मानतो.

लाल पाण्याचं जरा जपून. जुलैत आमच्या विहिरीलाच जांभ्याची लाली असते, गीझर बिचारा निर्दोष. दोन पांढरे वाडगे घ्यायचे, एकात गार नळाचं पाणी, एकात गरम. दोन्ही लाल असेल तर दोष विहिरीचा नाहीतर पाइपाचा. फक्त गरमच लाल असेल तर टाकी आतून खायला लागली.

गळतीचंही तसंच. सांध्यातून गळतं, तर वॉशर. व्हॉल्व्हमधून तापताना थेंब येतात, तर घाबरायचं कारण नाही. 15 लिटर पाणी तापून पेलाभर फुगतं, ते कुठेतरी जाणारच. तापून झाल्यावरही धार चालूच राहिली, तर व्हॉल्व्ह दाखवा. पत्र्याच्या आतून, सांधा नाही तिथून पाणी झिरपत असेल, तर मात्र दुरुस्तीवर रुपया घालू नका. कॉइल, थर्मोस्टॅट, रॉड, वॉशर बदलता येतात. फुटलेल्या टाकीला डाग लावून देतो म्हणणारा भेटलाच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

नळाला हात लावल्यावर झिणझिण आली, किंवा गीझर लावला की पाच मिनिटांत ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की आपोआप पडणारा स्विच, पडायला लागला, तर कॉइलची नळी तडकलेली असते. इथे "जरा वेळाने लावून बघू" हा प्रयोग नको. मेन बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचं. त्याच फेरीत अर्थिंगही बघून घ्यावं. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. नळातून पाण्याऐवजी वाफच फुसफुसायला लागली तरी आधी मेनच बंद करायचा. थर्मोस्टॅट चिकटलेला असतो.

एकदा मात्र मी फसलो. मे महिन्यात गीझर तापायला अर्धा अर्धा तास घ्यायला लागला. कॉइल गेली असं मीच ठरवलं, वायरमनला बोलावलं, नवी कॉइलही आणून ठेवली. त्याने मीटर लावला आणि माझ्याकडे बघून हसला. 180 व्होल्ट. सुट्टीत मुंबईकर गावी आलेले, वाडीत दर घराला पंप आणि दर दुसऱ्या घरात एसी. 230 ऐवजी 180 मिळाले, की 2000 वॉटची कॉइल जेमतेम 1200 वॉटचं काम करते. एरवी 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60वर न्यायला तिला अठरा-एकोणीस मिनिटं पुरतात. म्हणून गीझर नवा असतानाच एकदा पहाटे घड्याळ लावून वेळ लिहून ठेवावी. आमची न्हाणीच्या दारामागे पेन्सिलीने लिहिलेली आहे. ती कॉइल अजून कपाटात पडून आहे.

सौर गीझरचं विचाराल, तर जून ते सप्टेंबर सूर्याला विचारावं लागेल.

लाइट जाते, हा गॅसवाल्यांचा हुकमी एक्का, आणि तो खराही आहे. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे खांबच आडवे झाले, कित्येक दिवस अंधार होता. गॅसचा गीझर तेव्हा घरात होता, सेल नवे होते, सिलिंडर भरलेला होता. पण टाकीत पाणी चढवायला पंप लागतो आणि पंपाला लाइट. दुसऱ्या दिवशी टाकी कोरडी. मग मागीलदारी बंब पेटला. वादळाने पाडलेल्या माडांची चुडतं आणि सोडणं ओली होती, धुराने डोळे चुरचुरले, पण रहाटाने काढलेलं पाणी तापलं. बंबालाही गळती लागते, पण आत पडलेल्या राखेत ओल दिसते आणि काय ते समजतं.

भावाला परवा फोन करून सांगितलं. तुझी टाकी उंच बांधणार असशील, पाहुणे ठेवायचा विचार पक्का असेल, तर गॅसचाही वाईट नाही, भिंतीबाहेर लाव. तुम्ही दोघंच महिन्यातून एकदा येणार असाल, तर माझं मत विचारू नकोस, 15 लिटरचा विजेचा घे आणि जाताना मेन बंद कर. तो म्हणाला, "म्हणजे तुझा गॅसचा पडूनच आहे ना? मला दे."

पडून नाही. तो मागच्या पडवीत, उघड्यावर लावलाय. माशांची भांडी आणि समुद्रावरून आलेल्या पोरांचे पाय धुवायला बरा पडतो. टक्-टक् करायला लागला की पोरं गार पाण्यानेच पाय धुतात.