न लिहिलेली दोन पुस्तकं

अमेरिकन लेखक रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ च्या भयकथांमधलं ‘द किंग इन यलो’ हे दोन अंकी नाटक आणि त्याच्यानंतरच्या पिढीतला भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचा ‘नेक्रोनॉमिकॉन’ हा ग्रंथ. दोन्ही वाचणाऱ्याचं डोकं फिरवणारी, आणि दोन्ही प्रत्यक्षात कुणी लिहिलेलीच नाहीत.

लव्हक्राफ्टने थापही कागदपत्रांसकट मारली. इ.स. ७३० च्या सुमारास दमास्कसला अब्दुल अल्हझरेदने हा ग्रंथ लिहिला, मग ग्रीक भाषांतर, १२२८ मध्ये लॅटिन, शिवाय एक प्रत हार्वर्डच्या ग्रंथालयात! वर चेंबर्सला ‘द किंग इन यलो’ची कल्पना या ग्रंथाच्या अफवांवरूनच सुचली, असंही ठोकून दिलं. उलटी गंगा म्हणतात ती हीच. पुढे लोकांनी ‘नेक्रोनॉमिकॉन’ नावाची खरीखुरी पुस्तकंही छापून विकली.

चेंबर्स मात्र हात राखून. नाटकातल्या मोजक्याच ओळी तो दाखवतो. एका कथेत पहिला अंक वाचून नायक पुस्तक शेकोटीत भिरकावतो. ते जाळीवर आपटून उघडं पडतं, दुसऱ्या अंकाचे सुरुवातीचे शब्द नजरेस पडतात आणि तो निखाऱ्यांतून ते ओढून काढतो. ते शब्द आपल्याला कळत नाहीत.

गंमत हवी तर लव्हक्राफ्ट. झोप उडवायची असेल तर चेंबर्सच.